'परिवर्तन', 'पालट' की 'रूपांतर'? आणि ते 'करायचं' की 'होऊ द्यायचं'?

समासातली टीप: ख्रिस्ती जीवनावरच्या एका अभ्यासपुस्तिकेचा मजकूर तपासताना एक गोष्ट सारखी अडते आहे. पहिल्या प्रकरणात 'आध्यात्मिक परिवर्तन', दुसऱ्यात 'जीवनपालट', तिसऱ्यात 'रूपांतर', आणि एका ठिकाणी चक्क 'आत्मिक शुद्धीकरण'. चारही शब्द एकाच अर्थाने आलेले दिसतात. एकच शब्द ठरवून सगळीकडे तोच घालावा का? आणि क्रियापद 'करणे' घ्यावं की 'होणे'?

शाईदौत: सरसकट एक शब्द घालू नका, मजकूर आणखी बिघडेल. प्रत्येक वाक्याला आधी दोन प्रश्न विचारा. हे एकदा घडतं की घडत राहतं? आणि करणारा कोण? उत्तरांवरून शब्द आपोआप वेगळे होतात. मन फिरणं म्हणजे पश्चात्ताप. देवाकडून मिळणारी नवी सुरुवात म्हणजे नवा जन्म. देवासाठी वेगळं काढलं जाणं आणि तसं होत जाणं हे पवित्रीकरण. ख्रिस्ताच्या प्रतिमेप्रमाणे घडत जाणं हे रूपांतर.

'परिवर्तन' चुकीचा नाही, पण फार सैल आहे. सत्तेचं परिवर्तन, समाजाचं परिवर्तन, विचारांचं परिवर्तन, सगळं त्यात मावतं. 'शुद्धीकरण' मात्र काढूनच टाका. एक तर पाण्याची टाकी डोळ्यांसमोर येते, दुसरं म्हणजे 'शुद्धी' या शब्दाला धर्मांतराच्या वादांचा इतिहास चिकटलेला आहे. 'धर्मांतर' तर या यादीत यायलाच नको. ते कागदावर एका दिवसात होतं आणि मन होतं तिथेच राहू शकतं.

कानामात्रा: 'नवा जन्म'बद्दल एक भर. त्याच्या जागी 'पुनर्जन्म' लिहायचा मोह होतो, कारण समास सुटसुटीत आहे. पण मराठी वाचक 'पुनर्जन्म' म्हटलं की मेल्यानंतरचा पुढला जन्मच समजणार. योहान 3:3 (बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान, अध्याय 3, वचन 3) मधला ग्रीक शब्द 'आनोथेन' दुहेरी आहे: 'पुन्हा' आणि 'वरून'. येशूशी बोलायला आलेला यहूदी पुढारी निकदेम फक्त 'पुन्हा' ऐकतो आणि म्हातारा माणूस आईच्या उदरात परत कसा जाईल असं विचारतो. पुढचं सगळं संभाषण या गैरसमजावर उभं आहे. मराठीत दोन्ही अर्थ एका शब्दात बसत नाहीत. 'नव्याने' हा त्यातल्या त्यात बरा, कारण तो निदान चुकीच्या दिशेला नेत नाही.

टीपकागद: 'पश्चात्ताप' तितका सरळ नाही. पश्चात् अधिक ताप, म्हणजे नंतर होणारा जाळ. 'पस्तावा' हे त्याचंच घासून गुळगुळीत झालेलं रूप. दोन्हींत भर दुःखावर आहे. बायबलमधल्या मूळ ग्रीक 'मेटानोइया'त मात्र 'नूस', म्हणजे मन, बुद्धी आहे. तिथे मुद्दा रडण्याचा नाही, विचाराची दिशा बदलण्याचा आहे. इब्री 'शूव' तर अगदी साधा शब्द: परत फिरणे, वाटेवर माघारी वळणे.

हा फरक नुसता कोशातला नाही. मत्तय 27:3 मध्ये येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कार्योताला वाईट वाटतं, तो चांदीची नाणीही परत करतो. पण तिथलं क्रियापद 'मेटानोइया'शी जुळणारं 'मेटानोएओ' नाही, 'मेटामेलोमाय' (पस्तावणे) आहे. पस्तावा झाला, वळणं झालं नाही. 2 करिंथ 7:10 मध्ये प्रेषित पौल हीच फोड करतो: एक दुःख माणसाला मन फिरवण्याकडे नेतं, दुसरं मरणाकडे. पुढच्याच वचनात पहिल्या दुःखातून निघालेल्या सात गोष्टी मोजून दिल्या आहेत: कळकळ, स्वतःची बाजू निर्मळ करण्याची धडपड, चीड, भीती, ओढ, ईर्ष्या, आणि चुकीचा न्याय करणं. सातही पुढे पाहणाऱ्या आहेत, मागे बघत बसणाऱ्या नाहीत.

क्रियापदाचंही तसंच. मराठीत पश्चात्ताप 'होतो' तेव्हा ती भावना असते, 'करतात' तेव्हा ती कृती. मार्क 1:15 मध्ये आज्ञार्थ आहे, त्यामुळे तिथे 'करा' हेच बरोबर, कारण भावना हुकमावर आणता येत नाही. लूक 3 मध्ये लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात की मग आम्ही करायचं काय. उत्तरं बघा किती मोजकी आहेत: दोन अंगरखे असतील तर एक द्या, जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी कुणाला लुबाडू नये. 'वाईट वाटून घ्या' असं त्यात कुठेही नाही.

उलट्या बाजूचा खड्डाही आहे. बायबलच्या लॅटिन भाषांतरात 'पश्चात्ताप करा'साठी आलेल्या शब्दांचा अर्थ 'प्रायश्चित्त करा' असाही होत असे, आणि सगळा भर ठरावीक विधीवर गेला. 1517 मधल्या आपल्या 95 मुद्द्यांपैकी पहिल्याच मुद्द्यात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने हे धरलं: विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. तेव्हा 'एकदा घडतं' या खान्यात तो शब्द कायमचा बंद करू नका.

समासातली टीप: मग 'रूपांतर' कुठे वापरायचा? नाटकाचं रूपांतर, कादंबरीचं रूपांतर, असा वापर डोक्यात असल्यामुळे तो कोरडा वाटतो.

शाईदौत: कोरडा वाटतो खरा, पण नेमका तोच आहे. ग्रीक 'मेटामॉर्फोओ' नव्या करारात फक्त 4 वेळा येतो. मत्तय 17:2 आणि मार्क 9:2 मध्ये डोंगरावर येशूचं रूप पालटतं तेव्हा, आणि रोम 12:2 व 2 करिंथ 3:18 मध्ये विश्वासणाऱ्यांबद्दल. 6 ऑगस्टच्या रूपांतराच्या सणाचा शब्द आणि रोजच्या जगण्याचा शब्द एकच आहे हे वाचकाला दिसायला हवं. एकीकडे 'रूपांतर' आणि दुसरीकडे 'परिवर्तन' लिहिलंत की तो धागा तुटतो.

रोम 12:2 मराठीत असं आहे: 'ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका, तर आपल्या मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या.' यातला 'होऊ द्या' सोन्यासारखा आहे. ग्रीक क्रियापद कर्मणी आहे, आज्ञार्थी आहे आणि चालू काळातलं आहे. तिन्ही एकदम पकडणं अवघड. 'रूपांतर करा' म्हटलं तर कर्मणी गेलं, 'रूपांतर होईल' म्हटलं तर आज्ञा गेली. 'होऊ द्या'त करणारा दुसरा आहे आणि तरी तुमच्याकडे काहीतरी मागितलं आहे, हे दोन्ही राहतं. निसटतं ते फक्त सातत्य. ते हवंच असेल तर स्पष्टीकरणात 'होत राहू द्या' लिहा.

हातकंदील: तिथेच आणखी एक गंमत आहे. 'समरूप होऊ नका' यामागे 'स्खेमा' आहे, म्हणजे बाह्य आकार, आणि 'रूपांतर'मागे 'मॉर्फे', म्हणजे आतलं स्वरूप. जग बाहेरून साच्यात दाबतं, देव आतून बदलतो. मराठीत दोन्हीकडे 'रूप' आल्यामुळे हा फरक पुसला गेला.

टीपकागद: हा फरक प्रवचनात छान वाटतो, पण इतका ताणू नये. 'स्खेमा'वरूनच आलेलं 'मेटास्खेमातिझो' 2 करिंथ 11:13-15 मध्ये तीनदा येतं, आणि तिथे 'सोंग घेणे' हाच अर्थ आहे. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण फिलिप्पै 3:21 मध्ये प्रभू आपलं नीच स्थितीतलं शरीर पालटेल असं म्हणताना पौल तेच क्रियापद वापरतो. तो बदल काही वरवरचा नाही. अर्थ वाक्यातून ठरवा, नुसत्या धातूवरून नको. पुस्तिकेत टीप द्यायचीच असेल तर 'कदाचित' हा शब्द घालून द्या.

हातकंदील: मान्य. फिलिप्पैचं वचन ध्यानात नव्हतं.

कानामात्रा: काळाच्या बाबतीत इफिस 4:22-24 जास्त भक्कम आहे. तीन क्रियापदं: जुना मनुष्य 'काढून टाकणे', मन 'नवे होत जाणे', नवा मनुष्य 'धारण करणे'. पहिलं आणि तिसरं एकदाच घडलेल्या कृतीसारखं मांडलंय, मधलं चालू काळात. मराठी संयुक्त क्रियापदं हा फरक फुकट देतात: 'काढून टाका' आणि 'होत जा'. तिन्हीकडे 'करावे' लिहून तो वाया घालवू नका.

आणि पुढची वचनं गाळू नका, कारण तिथे 'काढणे-घालणे' म्हणजे काय ते जोडीजोडीने दाखवलंय. वचन 28 घ्या: चोरी करणाऱ्याने चोरी थांबवावी, हाताने काम करावं, आणि गरजवंताला द्यायला आपल्याजवळ काही असावं. पायऱ्या तीन आहेत. नुसती चोरी थांबवलेला माणूस अजून अर्ध्या वाटेवर आहे, घेणारा हात देणारा झाला की ते पूर्ण. बऱ्याच पुस्तिका पहिल्याच पायरीवर थांबतात, मग वाचणाऱ्याच्या हाती नुसती 'हे करू नका'ची यादी उरते.

समासातली टीप: पाचव्या प्रकरणात रोजचा सराव आहे: 'ध्यान', 'चिंतन', 'मनन', 'आत्मपरीक्षण'. यांतही गोंधळ आहे का?

शाईदौत: आहे. वचन घेऊन बसण्याला 'मनन' म्हणा. स्तोत्र 1:2 मधला इब्री 'हागा' हा आवाजाचा शब्द आहे. यशया 31:4 मध्ये सिंहाच्या गुरगुरण्याला आणि 38:14 मध्ये पारव्याच्या घुमण्याला तोच आहे. म्हणजे तोंडातल्या तोंडात पुटपुटत घोळवणं. एक वचन हळू, ऐकू येईल इतपत, पुन्हा पुन्हा म्हणावं, दर वेळी वेगळ्या शब्दावर थांबावं. 'ध्यान' म्हटलं की वाचक मन रिकामं करायला बसतो. इथे मन भरायचं आहे.

टीपकागद: 'आत्मपरीक्षण'ला येशूसंघाचा (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या पद्धतीत नेमका आकार आहे. रात्रीच्या तपासणीच्या पाच पायऱ्या: उपकारस्तुती, आपली पापं कळावीत म्हणून कृपेची मागणी, दिवस तासातासाने आठवणं, क्षमा मागणं, सुधारण्याचा निश्चय. क्रम महत्त्वाचा. उपकारस्तुती गाळून थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली की प्रार्थनेची हिशेबवही होते.

एकाच दोषावर काम करायचं तर वेगळी रीत: सकाळी उठताच निश्चय, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर तपासणी. कागदावर प्रत्येक दिवसाला दोन रेघा, पहिली दुपारची, दुसरी रात्रीची. जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके. मग रेघेशी रेघ, दिवसाशी दिवस, आठवड्याशी आठवडा ताडून पाहायचा. हे फसतं ते दोष निवडतानाच. 'अहंकार' मोजता येत नाही. 'बोलणाऱ्याला मध्येच तोडणं' मोजता येतं.

समासातली टीप: दोन वाक्यं बदलली आहेत, पाहा. 'विश्वासणाऱ्याने स्वतःचे आध्यात्मिक परिवर्तन करावे' याचं केलं 'विश्वासणाऱ्याने देवाला आपले रूपांतर करू द्यावे'. आणि 'वचनाच्या मननाद्वारे परिवर्तन घडून येते' याचं 'वचनाचे मनन करता करता मन नवे होत जाते'. शेवटच्या प्रकरणाचं शीर्षक 'आत्म्याची फळे' आहे, ते चालेल ना?

कानामात्रा: वाक्यं झकास. शीर्षक 'आत्म्याचे फळ' करा. गलती 5:19 मध्ये देहस्वभावाची 'कर्मे' अनेकवचनी आहेत, 5:22 मध्ये 'फळ' एकवचनी. नऊ गुणांतला आवडेल तो तोडून घ्यावा असं ते झाड नाही. प्रीती, आनंद, शांती पासून इंद्रियदमनापर्यंतची नऊ उपशीर्षकं मात्र आहेत तशीच राहू द्या.