फोटो बघायला परवडणारा मॉनिटर: तुमचा अनुभव लिहा

घरातला जुना १९ इंची मॉनिटर अखेर गेला. आधी एका कडेने काळवंडायला लागला, मग चालू केला की थोड्याच वेळात अंधार. दुरुस्तीवाला म्हणाला, नवीनच घ्या. गेम कोणी खेळत नाही, ऑफिसचं काम लॅपटॉपवर होतं. मोठा पडदा हवाय तो फोटोंसाठी: फोनमधले, जुन्या कॅमेऱ्यातले, आणि आईच्या पेटीतून निघालेले, स्कॅन करून ठेवलेले. बजेट दहा-बारा हजार, फार तर पंधरा. दुकानात मात्र हर्ट्झ (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला) यांपलीकडे कोणी बोलत नाही. मॉडेल नंबर नकोत, ते बाजारात टिकत नाहीत. तुम्ही काय बघून घेतलंत आणि घरी आणल्यावर काय निघालं, ते सांगा.

*सांगली*

माझं काम लग्नाच्या अल्बमचं. पॅनेल, म्हणजे आतला पडदा, आयपीएस जातीचं हवं, ही माझी एकच अट. ते बाजूने बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. टीएन जातीच्या पॅनेलसमोर मान जरा खाली-वर झाली की नवरीच्या शालूचा रंग बदलतो, मग दुरुस्त्या करायच्या कुठल्या रंगावर?

पण खरा घोळ ब्राइटनेसचा असतो. नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तो २५० ते ३०० निट्सवर (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) भगभगत. त्यावर फोटो झकास दिसतात आणि लॅबमधून प्रिंट आली की सगळं वऱ्हाड सावलीत उभं. गिऱ्हाईक लॅबला शिव्या घालतं, लॅबची काही चूक नसते. प्रिंटशी जुळवायचं तर पडदा ८० ते १२० निट्सच्या आसपास आणावा लागतो. मोजायचं यंत्र नसेल तर लॅबची एक चांगली प्रिंट हातात धरा, खोलीतला नेहमीचा दिवा लावा, आणि पडद्यावरचा तोच फोटो प्रिंटइतकाच उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवत न्या. माझ्याकडे मेनूतला ब्राइटनेसचा आकडा (निट्स नव्हे) २५च्या आसपास येतो. सुरुवातीला पडदा मेल्यासारखा वाटेल, डोळे सरावतात. कलर टेम्परेचर (पांढऱ्याची पिवळट-निळसर झाक) ६५००, बाकी सगळे 'व्हिव्हिड', 'सिनेमा' वगैरे मोड बंद.

*मुंबई*

मी लॅमिंग्टन रोडवरून सेकंड हँड घेतला, आणि पंधरा हजारांच्या आत तेच करा म्हणेन. मोठी ऑफिसं जुने मॉनिटर एकगठ्ठा विकायला काढतात, त्यात २४ इंची, १९२० बाय १२०० चे आयपीएस सापडतात. हे रुंदी-उंचीचं १६:१० चं माप आता स्वस्त नव्या मॉनिटरांत जवळजवळ दिसत नाही. फोटोंना त्याचा थेट फायदा आहे. कॅमेऱ्याचा ३:२ चा आडवा फोटो फुल एचडीवर (१९२० बाय १०८०) १६२० बाय १०८० मध्ये मावतो, इथे १८०० बाय १२०० मध्ये. म्हणजे २३ टक्के जास्त पिक्सेल, आणि बाजूच्या काळ्या पट्ट्याही कमी. शिवाय या ऑफिसवाल्या मॉनिटरांचा स्टँड वर-खाली होतो आणि बरेचसे उभेही फिरतात. नव्या स्वस्त मॉनिटरला दोन पाय असतात आणि तो नुसता मान डोलावतो.

जाताना पेन ड्राइव्हवर चार चित्रं न्या: पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, मधलं राखाडी आणि घरातल्या माणसाचा एक फोटो. पांढऱ्यावर कोपरे पिवळे पडलेत का ते कळतं, काळ्यावर कडेने गळणारा उजेड आणि अडकलेले पिक्सेल. राखाडीवर जुन्या टास्कबारचा डाग दिसतो, तो असेल तर सरळ नाही म्हणा. दुकानदार चालू-बंद करून दाखवायची घाई करेल, पण तुम्ही अर्धा तास चालू ठेवायला लावा. जुना बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, तापल्याशिवाय खरा रंग दाखवत नाही. एलईडी बॅकलाइटवालाच घ्या, त्याआधीचे आतल्या नळ्यांचे मॉनिटर आता म्हातारे झालेत. टेस्टिंग वॉरंटी (घरी तपासून परत करायची मुदत) बिलावर लिहून घ्यायची, तोंडी नाही.

*नाशिक*

आधी सीपीयूच्या मागे वाकून बघा. जुन्या मशीनला फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीचं जोडणीचं तोंड, असेल तर मॉनिटर कितीही चांगला आणा, कडा मऊ दिसू शकतात. आणि जुन्या एचडीएमआय १.४ वर ४के जोडलंत तर सेकंदाला ३० चित्रंच मिळतात, माउस ओढत चालल्यासारखा वाटतो.

*पुणे*

मी पक्ष्यांचे फोटो काढतो, हिवाळ्यात भिगवण ठरलेलं. माझ्या मित्राने 'वाइड गॅमट' (नेहमीपेक्षा जास्त गडद रंग दाखवणारा पडदा) ऐकून जास्तीचे पैसे मोजले. त्याच्याकडे रोहित पक्षी बघायला बसलो तर पंख रंगपंचमीहून आल्यासारखे. कारण असं की कॅमेऱ्याचे जेपीईजी बहुधा एसआरजीबीत, म्हणजे रंगांच्या नेहमीच्या ठरलेल्या मापात, असतात, आणि विंडोजमधला प्रत्येक प्रोग्राम मॉनिटरचं प्रोफाइल (तो रंग कसे दाखवतो याची नोंद) वाचतो असं नाही. जो वाचत नाही तो रंगांचे तेच आकडे या वाइड गॅमट पॅनेलकडे जसेच्या तसे धाडतो, मग लाल-गुलाबी भडकतात. मेनूतला एसआरजीबी मोड लावल्यावर पक्षी माणसांत आले. मात्र काही मॉनिटर या मोडमध्ये ब्राइटनेस कुलूपबंद करतात. मग वरचा सांगलीकरांचा सल्ला अमलात कसा आणणार? घेण्याआधी तपासा.

एसआरजीबी एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलं आणि वेब अजून प्रामुख्याने त्यावरच चालतंय. म्हणून घरच्या फोटोंसाठी '९९ टक्के एसआरजीबी' पुरेसं आहे. खोक्यावर '७२ टक्के एनटीएससी' असेल तर ते साधारण तितकंच समजा. '४५ टक्के' दिसलं तर खोका खाली ठेवा. एनटीएससीचं हे रंगमाप १९५३ सालच्या अमेरिकी रंगीत टीव्हीचं, ते आजच्या खोक्यावर काय करतंय देव जाणे.

व्हीए या तिसऱ्या जातीच्या पॅनेलचं कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) ३०००:१ च्या घरात, साध्या आयपीएसचं १०००:१. दिवे घालवून सिनेमा बघायला व्हीए भारी. पण बरेच स्वस्त व्हीए समोरून बघताना पाणकावळ्याच्या पिसांतले बारकावे गिळतात आणि बाजूला सरकलं की तेच बारकावे परत दिसतात. फोटोला असला लपंडाव नको.

*नागपूर*

सासूबाईंच्या लग्नाचे कृष्णधवल फोटो स्कॅन केलेत. रंगीतपेक्षा हे फोटो मॉनिटरची कडक परीक्षा घेतात, राखाडीवर हिरवट किंवा गुलाबी झाक लगेच उघडी पडते. विंडोजच्या सर्चमध्ये 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' शोधा, फुकट आहे, डोळ्यांनी जुळवायचं. नाइट लाइट (रात्री पडदा पिवळसर करणारी सोय) आधी बंद करा. आमच्याकडे तो मुलाने लावून ठेवलेला आणि सासूबाई म्हणत होत्या, आमचे फोटो एवढे पिवळे नव्हते गं.

मापाबद्दल: २७ इंचांवर फुल एचडी घेऊ नका. इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल पडतात, २४ इंचांवर ९२. सत्तावीसच हवा असेल तर २५६० बाय १४४०.

*डोंबिवली*

एवढं सगळं कशाला? २४ इंची आयपीएस, फुल एचडी, तीन वर्षांची वॉरंटी, जवळचं सर्व्हिस सेंटर. उरलेल्या पैशात बॅकअपसाठी हार्ड डिस्क घ्या. एचडीआरचं लेबल सोडून द्या, स्वस्त मॉनिटरवर ते नावापुरतंच असतं.

*बेळगाव*

डोंबिवलीकरांशी सहमत, फक्त एक भर. एचडीएमआयने जोडल्यावर काळा रंग राखाडी, धुरकट वाटला तर मॉनिटर परत करायला धावू नका. ग्राफिक्स कार्ड कधी कधी मॉनिटरला टीव्ही समजून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढेच आकडे पाठवतं. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज 'फुल' करा.