‘नल’ला मराठीत काय म्हणावे: शून्य, रिक्त की निरंक?

मूळ प्रश्न
डेटाबेस शिकवणाऱ्या एका पुस्तिकेचे मी मराठी भाषांतर करीत आहे. पहिल्या प्रकरणात ‘नल’साठी (null, म्हणजे त्या जागी मूल्यच नोंदलेले नाही असे दाखवणारी खूण) मी सर्वत्र ‘शून्य मूल्य’ योजले होते. दुसऱ्या प्रकरणात ‘नल म्हणजे शून्य नव्हे’ हे वाक्य आले, ते ‘शून्य म्हणजे शून्य नव्हे’ असे उतरले आणि संपादकांनी समासात भलेमोठे प्रश्नचिन्ह काढले. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत, नलची नलशी तुलना केली, तरी उत्तर ‘खरे’ न येता ‘अज्ञात’ येते. एवढा अर्थ पेलणारा शब्द सुचवावा.

प्रतिसाद १
‘रिक्त’ घ्यावे. रिक्त संच आपण सर्वांनीच शाळेत शिकलो आहोत, त्यामुळे वेगळे समजावण्याची गरज पडणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता
मग ज्या अक्षरमालेत एकही अक्षर नाही, तिला काय म्हणू? ऑरॅकल ही डेटाबेस-प्रणाली तिलाही नलच मानते, तिथे तुमचा शब्द चालून जाईल; पोस्टग्रेस या दुसऱ्या प्रणालीत मात्र ती आणि नल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिवाय रिक्त संच हा पूर्णपणे ज्ञात असतो. त्यात काहीच नाही हे आपल्याला ठाऊक असते.

प्रतिसाद २
सरकारी कचेरीत माझी हयात गेली. तक्त्यात दाखवण्यासारखे काही नसले की आम्ही ‘निरंक’ लिहीत असू. निर् अधिक अंक, म्हणजे जिथे अंकच नाही ते. इतका नेटका शब्द घरात असताना दारोदार फिरण्याचे कारण मला कळत नाही.

प्रतिसाद ३
शब्द नेटका आहे, पण काका, आपला निरंक म्हणजे नल नव्हे, तो शून्यच आहे. कोणीतरी तपासले आणि काही आढळले नाही, म्हणून निरंक लिहिले. ज्या तालुक्याचा अहवालच आला नाही, त्याच्यापुढे आपण ‘अप्राप्त’ लिहीत असाल. आमच्या घरी दुधाचा हिशेब दिनदर्शिकेवर असे. ज्या दिवशी दूध घेतले नाही, त्या दिवशी आई ‘खाडा’ लिही. लिहायचे राहून गेले तर चौकोन कोरा राही आणि महिनाअखेरीस भांडण त्या कोऱ्या चौकोनांवरूनच होई. तीस दिवसांत पंचवीस दिवस एकेक लिटर, दोन खाडे आणि तीन चौकोन कोरे असतील, तर एसक्यूएलची सरासरी 25 ला 27 ने भागते, 30 ने नव्हे. खाडा म्हणजे शून्य आणि कोरा म्हणजे नल. माझे मत ‘कोरे मूल्य’ला.

प्रतिसाद ४
‘कोरा’ कागदाला शोभतो, परिभाषेला नव्हे. न्याय आणि वैशेषिक दर्शनांच्या पंडितांनी अभावाचे प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव असे चार प्रकार केले आणि पाणिनीने ‘अदर्शनं लोपः’ (न दिसणे म्हणजे लोप) असे सूत्र रचले. ही परंपरा हाताशी असताना ‘अभावमूल्य’ का नको? संबंधाधारित (तक्त्यांत माहिती मांडणाऱ्या) डेटाबेसचा जनक कॉड यालाही पुढे एक नल अपुरा वाटला आणि त्याने ‘लागू आहे पण ठाऊक नाही’ व ‘लागूच नाही’ अशा दोन खुणा सुचवल्या. आपल्याकडे चार तयार आहेत!

प्रतिसाद ५
मी रोज जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत लिहितो. तिच्यात ‘नल’ आणि ‘अनडिफाइन्ड’ अशा दोनच रिकाम्या जागा आहेत, त्यांनीच पुरेसा छळ होतो, चार नकोत. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1965 मध्ये अल्गॉल डब्ल्यू ही संगणकभाषा रचताना नल संदर्भ (कशाकडेच न नेणारा निर्देश) आणला आणि 2009 मध्ये स्वतःच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटले. त्या चुकीला संस्कृत नाव दिल्याने ती कमी होणार नाही. आम्ही सगळे ‘नल आला’ असेच म्हणतो. पुस्तिकेतही नलच ठेवावे.

प्रतिसाद ४
नल हा दमयंतीचा पती. बोली वापराच्या नावाखाली परिभाषा मोडीत काढू नये.

प्रतिसाद २
अहवाल अप्राप्त असे, हे खरे. पण स्मरणपत्र गेले की संध्याकाळपर्यंत तोच निरंक होऊन येई, न तपासताच. त्याला तुमचे यंत्र काय म्हणेल? असो. खाडा हा शब्द ‘खंड’वरून आला असावा, असे मला फार दिवसांपासून वाटते.

प्रतिसाद ३
ध्वनी जुळला म्हणजे व्युत्पत्ती जुळली असे नाही, काका. आणि हजेरीपटावरचा खाडा हा दुधाच्या खाड्याच्या आधीचा की नंतरचा, हे आधी पाहायला हवे.

मूळ प्रश्नकर्ता
तूर्त पहिल्या प्रकरणातले ‘शून्य मूल्य’ सर्वत्र खोडले आहे. ती जागा अजून कोरीच आहे.

प्रतिसाद २
आमच्या कचेरीत रोजंदारीवरच्या माणसांचा खाडा लाल शाईने मांडीत. दुधाचा खाडा नंतरचाच असणार.