ऑटोथ्रस्ट चालू म्हणजे वेग सांभाळला जातोय असं नाही

विमानात ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनांचा जोर आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा असते. ‘ऑटोथ्रस्ट चालू असला की वेगाची चिंता मिटली’ हे म्हणणं अर्धंच खरं. तो कुठल्या मोडमध्ये आहे, त्यावर सगळं अवलंबून. बंगळूर, 14 फेब्रुवारी 1990, इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-320 विमान: उतरताना ते ‘ओपन डिसेंट’ या मोडमध्ये होतं. यात इंजिनं आयडलवर, म्हणजे किमान जोरावर राहतात, वेग राखायचा तो नाक खालीवर करून. ऑटोपायलट काढलेला, एका वैमानिकाच्या बाजूचा फ्लाइट डायरेक्टर (विमान कसं वळवायचं ते पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) बंद, दुसऱ्या बाजूचा मात्र चालूच. दोन्ही बंद असते तर ऑटोथ्रस्ट आपोआप स्पीड मोडमध्ये, म्हणजे इंजिनांचा जोर बदलून वेग राखण्याच्या मोडमध्ये आला असता. वेग 132 नॉटऐवजी 106पर्यंत घसरला. शेवटी संगणकाने पूर्ण थ्रस्ट (जोर) मागितलाही, पण आयडलवरून इंजिन वर यायला काही सेकंद लागतात. तेवढे उरलेच नव्हते. 92 जण गेले.

ऑटोमेशन नको असं अजिबात नाही, दाट धुक्यात ऑटोलँडला (विमान आपोआप उतरवण्याला) तोड नाही. पण जे पुणेकर घरच्या सिम्युलेटरवर हेच विमान घेऊन लोहगाव विमानतळावर उतरतात, त्यांनी फायनलवर (रनवेच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात) समोरच्या मुख्य पडद्याच्या वरच्या पट्टीतला डावीकडचा पहिला रकाना बघावा. तिथे ‘स्पीड’ हवं. ‘थ्रस्ट आयडल’ दिसलं आणि रनवेपासूनची उंची 1000 फुटांच्या आत असेल, तर बटणं दाबत बसू नका, सरळ गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर.