परिषदेला आदल्या दिवशी जायचं की रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं?

हरिपूररोड: काल इथं एकानं लिहिलं होतं, पुण्यात परिषद असली की रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघा, स्वारगेटला तोंड धुवा, थेट सभागृहात. लॉजवर पैसे घालवणारे हौशी. वाचून डोकं फिरलं.

सांगली-पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. बेदाणा शेडवरच्या माझ्या पेपरची वेळ दहाची होती. गाडी खंबाटकी घाटात अडकली, पोचलो पावणेबाराला. अध्यक्षांनी जेवणानंतर चार मिनिटं दिली. त्यात तिथल्या लॅपटॉपवर माझा मराठी फॉन्ट नाही. 'मणेराजुरी' हे गावाचं नाव लिहिलेलं, तिथं पडद्यावर नुसते चौकोन! दोन वर्षांचं काम होतं ते. तेव्हापासून मी आदल्या संध्याकाळी पोचतो, पीडीएफ वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवतो आणि सत्राआधी तिथल्या मशीनवर उघडून बघतो.

कृष्णाकाठ: कालचा तो मीच. सर, पुण्याला जाताना घाट लागत नाही, बोगदा लागतो. घाट चढायचा तो येताना. एवढं माहीत नसताना दुसऱ्याला शिकवू नका.

हरिपूररोड: बोगद्याच्या तोंडाशी दोन तास बसलो होतो. नाव चुकलं असेल, दोन तास खोटे नव्हेत.

वाईकर: बोगद्यापेक्षा त्यापुढचं एस वळण वाईट. माझा मावसभाऊ तिथंच गेला. पहाटे चालक पेंगतो आणि उतारावर गाडी आवरत नाही. नवीन बोगद्यांचं काम किती दिवस ऐकतोय आम्ही! टोल मात्र आणेवाडीला भरा, खेड शिवापूरला भरा.

मिरज जंक्शन: म्हणून रेल्वे. मुंबईची परिषद असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसला तोड नाही. रात्री मिरजेत बसा, सकाळी सीएसएमटी.

शाहूपुरी_सातारा: तुमचं जंक्शन गावात आहे हो. आमचं स्टेशन माहुलीला. रात्री रिक्षावाला म्हणेल ते द्यायचं. आणि महालक्ष्मी पुण्यात ऐन अंधारात सोडते, बाईमाणसानं फलाटावर उजाडायची वाट बघत बसायचं का? मी पहाटेची पहिली एसटी धरते. मुलगी चार वर्षांची आहे, रात्री बाहेर राहायचं म्हटलं तर सासूबाईंना गावाहून बोलवावं लागतं. आदल्या दिवशी या म्हणणं सोपं आहे.

हरिपूररोड: ताई, साताऱ्याहून एकशेदहा किलोमीटर. तुमचं पटतं. सांगलीहून नाही.

कृष्णाकाठ: आणि पैशाचं काय? मी तासिका तत्त्वावर शिकवतो. मानधन महिनोन्‌महिने थकतं. मागच्या परिषदेचं नोंदणी शुल्कसुद्धा पदरचं भरलं. कायम नोकरीवाल्यांनी आम्हाला लॉजचे सल्ले देऊ नयेत.

हरिपूररोड: मग तसं लिहायचं होतं. 'हौशी' का म्हणालात? मीही नऊ वर्षं तासिकेवर काढली आहेत.

कृष्णाकाठ: तो शब्द मागे घेतो. बाकी काही नाही.

हरिपूररोड: आयोजकांना आठवडाभर आधी फोन करा. बऱ्याच ठिकाणी विद्यापीठाच्या अतिथिगृहात किंवा वसतिगृहात खाट मिळते, लॉजपेक्षा कितीतरी स्वस्त. संकेतस्थळावर ते लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं.

कृष्णाकाठ: हे काल कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या महिन्यात आहे एक, विचारून बघतो.

वाईकर: निघाल तेव्हा उजेडी निघा. ते वळण अंधारात नको.