ओल्या खोबऱ्यातून एन्झाइमने तेल, कोकणात चालेल का?

माडबागवाला, देवगड:
पावसाळ्यात सुकं खोबरं करणं म्हणजे काय दिव्य असतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको, चार दिवस ऊन नाही की वाटीच्या आत हिरवट-काळी बुरशी, आणि तेच घाण्यात गेलं की तेल खवट. शिवाय बुरशीतून अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीच्या विषाची भीती. म्हणून म्हणतो, मुळात सुकवायचंच कशाला? ताज्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी आणि साधारण एक तृतीयांश तेल. ते पाण्यात बारीक वाटा, पेक्टिनेज-सेल्युलेज ही एन्झाइमं टाका, ५० डिग्रीच्या आसपास ढवळत ठेवा, पेशींच्या भिंती सैल होऊन तेल सुटतं, मग सेंट्रिफ्यूज, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून तेल वेगळं करायचं. हेक्झेनचा, म्हणजे तेल विरघळवून काढणाऱ्या रसायनाचा संबंधच नाही.

लाकडीघाणा:
अहो भाऊ, हेक्झेन मध्येच कुठून काढलंत? ते सॉल्व्हंट प्लांटवाले वापरतात, पेंडीतलं उरलंसुरलं ओढायला, आणि त्यालाही ५ पीपीएमची (दहा लाख भागांत पाच) मर्यादा आहे. आमच्या घाण्यावर खोबरं घालायचं, तेल काढायचं, विषय संपला. तुमचं खरं दुखणं वेगळंच आहे. ती मलई! सुटलेलं तेल प्रथिनं धरून ठेवतात आणि वर जो घट्ट पांढरा थर येतो तो हलता हलत नाही, तो फोडायला परत प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम टाका नाहीतर गोठवून वितळवा, म्हणजे वीज आली, आणि आमच्याकडे पावसात वीज कशी असते ते माहितीये ना. वर चोथा ओला. सुकी पेंड गोठेवाले येऊन घेऊन जातात, ओला चोथा दुसऱ्या दिवशी आंबतो, आणि ते आंबट पाणी सोडणार कुठे, व्हाळात?

वेंगुर्ल्याची काकी:
एवढं भांडताय, पण पाण्याने तेल काढणं आपल्याकडे नवीन आहे का? आवेल कसं करतात, नारळाचं दूध काढून चुलीवर आटवायचं, पाणी उडालं की तळाला तांबूस चुरा राहतो आणि वर तेल. कोकमाच्या बिया कुटून पाण्यात उकळल्या की तेल वर येतं, थंड झालं की मुठीत दाबून गोळे वळायचे. नवीन काय ते एन्झाइम. आणि आवेलाला किती लाकूड लागतं, धुरात किती वेळ उभं राहावं लागतं ते पुरुषमंडळींनी एकदा बघा, मग घाण्याचं कौतुक करा.

बाटलीवरचं_नाव:
एक वेगळा मुद्दा. ऑलिव्हच्या व्हर्जिन तेलात युरोपात एन्झाइम चालत नाही, फक्त धुणं, निथळणं, सेंट्रिफ्यूज, गाळणं असल्याच प्रक्रिया. हा नियम नारळाला नाही हे मान्य, पण गिऱ्हाइकाने विचारलं तर बाटलीवर काय लिहिणार? 'एन्झाइम' वाचून लोक केमिकल समजतात.

माडबागवाला, देवगड:
एन्झाइम लिहायचं, लपवायचं कशाला. पपईच्या चिकातलं पपेनसुद्धा एन्झाइमच, चीज करतात तेही एन्झाइमनेच, ते खाताना कोण विचारतं? आणि चोथ्याचं म्हणाल तर ड्रायरमध्ये वाळवून खोबऱ्याचं पीठ होतं, गोठ्यापेक्षा बरा भाव.

लाकडीघाणा:
म्हणजे शेवटी ड्रायर लागतोच! मग तोच ड्रायर आधी घ्या आणि खोबरं त्यात सुकवा की, बुरशी पण नाही आणि एन्झाइमचा दर खेपेचा खर्च पण नाही, कारण ते पाण्याबरोबर निघून जातं, परत वापरता येत नाही.

वेंगुर्ल्याची काकी:
ड्रायर बचतगटाला मिळाला तर दोन्ही करून बघू, आधी तेल मोजा आणि मग बोला. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात कोणाची ओळख आहे का?