प्रतिसाद: डिस्क लवकर झिजते

गाडीच्या ब्रेकची डिस्क (चाकासोबत फिरणारी धातूची चकती) लवकर झिजते, आणि तिला दाबणाऱ्या दोन पॅडांपैकी आतला बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलाय म्हणताय, तर नुसती डिस्क बदलून भागणार नाही. बहुधा कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिना, म्हणजे ज्यांवर तो सरकतो त्या पिना, जाम आहेत, त्यामुळे ब्रेक सोडल्यावरही पॅड घासत राहतो. पिना काढून पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. चासिसचं (गाडीच्या सांगाड्याच्या सांध्यांना लावायचं) ग्रीस अजिबात नको. त्याने पिनांवरची रबरी आवरणं (बूट) फुगतात नि पिन पुन्हा अडकते. पिना मोकळ्या असतील तर पॅडला ढकलणारा कॅलिपरमधला पिस्टन तपासा.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजा. व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) डिस्कच्या कडेच्या न झिजलेल्या ओठावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवून खोटं समाधान देतो! नवी डिस्क बसवण्यापूर्वी हबवरचा (डिस्क जिथे बसते त्या चाकाच्या मधल्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने काढा. रनआउट (फिरताना डिस्कचं बाजूला डगमगणं) साधारण ०.०५ मिमीच्या आत हवा.