एव्हबरी: दगडांचं वर्तुळ, चर्च आणि पब एका दिवसात बसेल का?

रानवाट (प्रश्न)
सप्टेंबरअखेर आई-बाबांना लंडनहून विल्टशरमधल्या एव्हबरी गावी, तिथलं प्रागैतिहासिक शिळावर्तुळ बघायला न्यायचंय. गाडी नाही. बाबांचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी, आईला अंडं चालतं. वर्तुळ, चर्च, सिल्बरी टेकडी (माणसांनी रचलेला प्रागैतिहासिक उंचवटा) आणि पबमध्ये जेवण एवढं एका दिवसात होईल का? वेस्ट केनेटची दफनगुहा बाबांना झेपेल का? स्टोनहेंज बघून झालंय, त्यामुळे ते सुचवू नका.

खडूमाती
होईल, फक्त क्रम नीट लावा. पॅडिंग्टन ते स्विंडन रेल्वेने साधारण तास. स्विंडनहून डिव्हाइझेसकडे जाणारी ४९ नंबरची बस अर्ध्या तासात थेट गावात, रेड लायन पबजवळ सोडते. रविवारी फेऱ्या कमी असतात, शक्यतो आडवार धरा. परतीची बस आधी ठरवा आणि मग बाकीचा दिवस आखा.

वर्तुळाला तिकीट नाही, कुंपण नाही, दगडांना हात लावता येतो. बाहेरचं वर्तुळ सुमारे ३३० मीटर व्यासाचं, त्याच्या पोटातच अर्धं गाव आणि मधून जाणाऱ्या डांबरी रस्त्यांनी त्याचे चार भाग झालेत. भोवतीचा खंदक मुळात ९ मीटरहून खोल होता आणि हरणांच्या शिंगांनी खणलेला. आता निम्माअधिक बुजलाय. खंदकाबाहेरच्या बांधावरून पूर्ण फेरी सव्वा किलोमीटरची, पण चढ-उतार तीव्र आणि ओला झाला की बांधाचा खडू (मऊ पांढरा चुनखडक) साबणासारखा निसरडा. बाबांना बांधावर चढवू नका. दक्षिणेकडच्या दोन्ही भागांतलं गवत सपाट आहे, तिथून सगळं दिसतं. फाटकांतून जाताना ती मागे लावून घ्या, आत मेंढ्या असतात. लेंड्याही असतात, बघून बसा.

दक्षिण प्रवेशाजवळच्या थोराड दगडाला बसायला खोबण आहे, त्याला सैतानाची खुर्ची म्हणतात. बाबांना टेकायला बरी. मधेमधे काँक्रीटचे बुटके खांब दिसतील. पूर्वी गाडले गेलेले दगड १९३० च्या दशकात अलेक्झांडर कायलर या पुरातत्त्वज्ञाने उकरून उभे केले आणि जिथले दगड कायमचे गेले होते तिथे हे खांब रोवले. १७-१८ व्या शतकांत गावकरी दगडाभोवती जाळ करून वर गार पाणी ओतत, तडे गेले की घणाने फोडत. ते तुकडे आज गावातल्या घरांच्या भिंतींत आहेत, करड्या सार्सनचे (वर्तुळाच्या दगडांचा कठीण वालुकाश्म) ओबडधोबड चिरे लगेच ओळखू येतात.

झरोका
चर्चबद्दल. सेंट जेम्सचं चर्च वर्तुळाच्या पश्चिमेला, मॅनर हाउसच्या (जुन्या जमीनदारी वाड्याच्या) शेजारी. बहुतेक लोक दारावरून फोटो काढून परततात. आत जा. मुख्य दालन सॅक्सन काळातलं, सुमारे १००० सालचं. उत्तरेच्या भिंतीत उंचावर बारके गोल झरोके शोधा. बाप्तिस्म्याच्या कुंडावर हातात दंड घेतलेला बिशप आणि दोन्हीकडे वळवळणारे ड्रॅगन कोरलेत. ते बाजूने प्रकाश पडला तरच नीट दिसतात, मोबाइलची बॅटरी तिरकी धरा.

पण खरी चीज म्हणजे दालनाच्या पूर्व टोकाचा १५ व्या शतकातला लाकडी सज्जा (रूड लॉफ्ट, वेदीपुढच्या जाळीदार पडद्यावरची गॅलरी). धर्मसुधारणेच्या काळात असे सज्जे देशभर तोडले गेले. इथला काढून भिंतीशी लपवला आणि वरून गिलावा केला. १८१० मध्ये तो सापडला. खालचा जाळीदार पडदा मात्र १९ व्या शतकात नव्याने केलेला आहे, दोन्ही लाकडांतला फरक कळतो. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा टाळा.

पिंटभर
जेवणाची वेळ चुकली तर दिवस बिघडतो. इंग्लंडातल्या बऱ्याच गावपबांत दुपारी अडीचच्या सुमारास स्वयंपाकघर बंद होतं आणि संध्याकाळीच उघडतं, मधल्या वेळेत बिअर मिळते पण ताट नाही. साडेबाराला जागा धरा, आधी फोन करून वेळा विचारा. रेड लायन गवताच्या छपराचा आहे आणि वर्तुळाच्या आत असल्याने दुपारी तुडुंब भरतो. आतल्या एका टेबलाखाली जुनी विहीर आहे, वर काच.

टेबलाचा नंबर बघा, बारवर जाऊन ऑर्डर द्या, तिथेच पैसे द्या. टेबलावर बसून वाट पाहत राहिलात तर कुणी येणार नाही. शाकाहाराबाबत तीन गोष्टी विचारा: चिप्स मासे तळलेल्या तेलातच तळतात का, ग्रेव्ही मांसाची आहे का, यॉर्कशर पुडिंग (गोड नव्हे, पीठ-अंड्याचा फुगलेला खारा पदार्थ) गाईच्या चरबीत भाजलंय का. मेन्यूवर बहुधा यातलं काहीच लिहिलेलं नसतं. बाबा बिअर घेत असतील तर हाफ पिंट मागवा, २८४ मिलिलिटर. कास्क एल (पिंपातून थेट दिली जाणारी पारंपरिक बिअर) तळघराच्या तापमानाला, १२ अंशांच्या आसपास देतात. बर्फगार नाही म्हणून परत करू नका.

रानवाट
आभारी आहे. दफनगुहेचं काय?

खडूमाती
गावापासून अडीच-तीन किलोमीटर, शेवटी शेतातून चढ, मध्ये ए४ हा भरधाव रस्ता ओलांडायचा. पायवाट केनेट नदीच्या काठाने जाते. हिवाळ्यात तिथे पाणी साचतं, सप्टेंबरात सहसा कोरडी असते. बाबांसाठी नकोच. जो जाईल त्याने टॉर्च न्यावा: १०० मीटर लांब ढिगारा, सुमारे इ.स.पू. ३६५० चा, पूर्व टोकाला पाच कोठड्या. उत्खननात किमान ३६ जणांची हाडं मिळाली. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं माहीत असतील तर तुलनेचा मोह होईल, पण ती लोहयुगातली, या गुहेहून अडीच-तीन हजार वर्षांनी नंतरची.

सिल्बरीवर चढायला बंदी आहे. १७७६ मध्ये माथ्यावरून खणलेला उभा बोगदा २००० मध्ये खचला, २००७-०८ मध्ये आतून खडूने भरून काढला. खालूनच बघायची. आई-बाबा चर्चनंतर कायलर संग्रहालयात आणि मॅनरच्या बागेत रमतील, तेवढ्यात तुम्ही टेकडी आणि गुहा करून दोन-अडीच तासांत परत याल. पावसाळी बूट घाला, पांढरा चिखल साध्या बुटांवरून निघत नाही.